कडककाकूंचा लाल मोजा

लाँड्रीवाल्या काकूंना सगळी गल्ली ‘कडककाकू’ म्हणायची. कॉलरला खळ घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं हे एक कारण, आणि त्यांचं बोलणं हे दुसरं. धुतलेले कपडे वेळेवर न नेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या चारचौघांत विचारत, की सध्या काय घालून फिरता? दुकान म्हणजे पुढे इस्त्रीची टेबलं, मागे कपडे धुवायची आणि सुकवायची मोठी मशिनं, आणि गठ्ठे घरोघर पोचवायला सायकलवर काका. काका फारसं बोलत नसत. दोघांच्या वाटणीचं काकूच बोलून घेत.

काकूंचं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, तेव्हा पोटाच्या खालच्या भागातल्या काही गाठीही काढाव्या लागल्या. आजार गेला, काकू पुन्हा इस्त्रीपाशी उभ्या राहिल्या, पण मग डावा पाय सुजायला लागला. सकाळी बरा असायचा, संध्याकाळी चपलेत मावायचा नाही. डॉक्टरांनी तपासून लिम्फीडिमा असल्याचं सांगितलं. अंगातलं एक प्रकारचं पाणी ज्या वाटेने वर जायचं ती वाटच गाठी काढल्यामुळे अरुंद झाली होती, म्हणून ते पायात साठत होतं. पुरतं बरं होणार नाही, पण रोज काळजी घेतली तर ताब्यात राहील, असं ते म्हणाले. काकूंनी त्या दुखण्याचं नाव एकदा उच्चारून पाहिलं, जीभ अडखळली, आणि तेव्हापासून त्या ‘माझं पाणी’ असंच म्हणू लागल्या.

फिजिओथेरपिस्ट तरुण मुलगी होती. तिने पायाची जागोजाग मापं घेऊन बोटांपासून मांडीपर्यंतचा दाबाचा मोजा मागवला. मोजा कसला, पायाला घातलेलं चिलखतच ते. सकाळी सूज कमी असताना चढवायचा आणि झोपताना काढायचा. पहिल्या दिवशी काकू पलंगाच्या कडेला बसल्या आणि काका रबरी हातमोजे घालून समोर उकिडवे बसले. टाच काही केल्या पुढे सरकेना. काकांनी सगळा जोर लावून ओढलं, मोजा हातातून सटकला आणि काका मागच्या मागे कपाटावर जाऊन आदळले. काकूंना हसू आवरेना, त्यामुळे दुकान त्या दिवशी उशिरा उघडलं. पुढे दोघांच्या हाताला वळण लागलं. आधी टाच नीट बसवायची, मग तळव्याने थोडं थोडं वर सरकवत न्यायचं. ओढाओढ करायची नाही.

थंडीत सगळं ठीक चाललं. मग उन्हाळा आला, आणि तोही असा की दुकानाचं शटर हाताला चटका देई. इस्त्रीची वाफ, मशिनची धग आणि त्यात तो जाड मोजा. काकू दुपारी तो गुपचूप काढून टेबलाखाली ठेवू लागल्या. संध्याकाळपर्यंत पाय फुगायचा, दुसऱ्या दिवशी मोजा चढताना जास्तच आढेवेढे घ्यायचा, म्हणून मग तो आणखी लवकर उतरायचा. घामाने त्याला वासही येऊ लागला. एकदा वैतागून काकूंनी तो हॉटेलच्या पांढऱ्या चादरींबरोबर कढत पाण्यात टाकला आणि वर सुकवायच्या मशिनमध्येही फिरवला.

बाहेर आला तेव्हा मोज्यात जीव उरला नव्हता. मांडीला ढगळ, घोट्याला आक्रसलेला. काकांनी तो उचलला, आतलं लेबल शोधलं, चष्मा लावला आणि शांतपणे वाचून दाखवलं, “कोमट पाणी. सावलीत वाळवा. इस्त्री नको.”

लेबल न वाचल्याबद्दल आजवर निम्म्या गावाला झाडणाऱ्या काकू तो मोजा पिशवीत घालून फिजिओथेरपिस्टकडे निघाल्या.

फिजिओथेरपिस्ट रागावली नाही. तिने कुठे लाली किंवा जखम नाही ना ते पाहिलं. पाय अचानक लाल आणि गरम झाला किंवा ताप आला, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं, हे पुन्हा एकदा बजावलं. नवे मोजे मापाने विणून येईपर्यंत पायाला पट्ट्या बांधायच्या होत्या. पण दुपारी मोजा काढून ठेवल्याचं कळलं, तेव्हा ती स्टूल ओढून काकूंच्या अगदी समोर बसली.

“काकू, उन्हाने सूज वाढते,” ती म्हणाली. “मोजा नकोसा होतो ना, नेमकी तेव्हाच त्याची जास्त गरज असते.”

काकूंनी तिला एकदा त्या इस्त्रीपाशी उभं राहून बघायला सांगितलं. ती खरोखरच आली. घाम पुसत सगळं दुकान पाहिलं आणि त्यांच्या दिवसाची घडीच बदलून टाकली. इस्त्री ऊन चढायच्या आत उरकायची आणि उंच स्टुलावर बसून करायची. दुपारी पाय वर घेऊन पडायचं. कपड्यांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली आहेच, तीच मोज्यावरूनही मारायची, की पंख्याच्या वाऱ्याने पाय गार पडतो. झोपताना पायाला लावायचं क्रीम फ्रिजमध्ये ठेवायचं. काकांनी एका सकाळी ते लोणी समजून पावाला लावलं आणि अर्धा पाव खाऊन झाल्यावर लोणी जरा वेगळं लागतंय असं म्हणाले, तेवढं सोडलं तर ही युक्ती फारच चांगली निघाली.

पट्ट्या बांधण्याचं काम काकांकडे आलं. जन्म गठ्ठे बांधण्यात गेलेला. पहिल्यांदा त्यांनी पायही गठ्ठ्यासारखा करकचून बांधला आणि वर गाठ मारली. ती सोडवून घेऊन त्या फिजिओथेरपिस्ट मुलीने त्यांना शिकवलं, की पावलाशी घट्ट आणि वर जाल तसं सैल. काका रोज मान खाली घालून मन लावून बांधत. हे पाय धरणं लग्नात ठरलं नव्हतं, असं काकू म्हणत, आणि मग हळूच त्यांच्या टकलावरही फवारा मारत.

नव्या मोज्यांच्या वेळी मुलीने रंगांचा तक्ता पुढे ठेवला. काकूंनी मागच्यासारखाच कातडीच्या रंगाचा मागितला. कुणाच्या डोळ्यांत भरायला नको. काकांनी तक्ता आपल्याकडे ओढला आणि लाल रंगावर बोट ठेवलं. का, ते सांगितलं नाही. मग एक तसा आणि एक लाल, असे दोन मोजे आले. एक अंगावर, एक धुण्यात.

त्याच सुमाराला ग्रंथालयातल्या बाई कपडे टाकायला येऊ लागल्या. बाई अबोल, नीटनेटक्या, आणि तसल्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांच्या ब्लाउजमध्ये. इस्त्री करताना काकूंना दिसलं, की प्रत्येक ब्लाउजची उजवी बाही उसवून, जोड लावून रुंद केलेली आहे. काकूंच्या जिभेला थांबा नव्हताच. बाई न्यायला आल्या तेव्हा दुकानात गर्दी होती, आणि काकू मोठ्याने म्हणाल्या, “शिंपी बदला बाई, एक बाही केवढी ढगळ केलीय त्याने.”

बाईंचा चेहरा उतरला. गठ्ठा उचलून त्या निघून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

काकूंना चुकल्यासारखं वाटत राहिलं, पण काय चुकलं ते कळेना. एका सकाळी मोजा चढवता चढवता काकांना त्यांनी हे सांगितलं. काकांनी घोट्यावरची सुरकुती तळव्याने सरळ केली आणि म्हणाले, “अगं, तिचा हात तुझ्या पायासारखा असेल.”

काकूंनी कपाळावर हात मारला. दुपारी दुकान बंद करून, रणरणत्या उन्हात, त्या ग्रंथालयात गेल्या. आत गारवा होता. बाई शेल्फपाशी पुस्तकं लावत होत्या. काकूंना पाहून त्यांनी बाही आपोआप खाली ओढली.

माफी मागायची तयारी काकू वाटभर करून आल्या होत्या, पण ऐन वेळी एकही शब्द आठवेना. म्हणून त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं, त्यावर डावा पाय ठेवला आणि साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. लालभडक मोजा बघून बाई चकित झाल्या.

“माझं पाणी पायात आहे,” काकू म्हणाल्या. “तुमचं हातात का?”

कुजबुजणं काकूंना जन्मात जमलं नव्हतं. वाचनखोलीतली डोकी वर झाली, कुणीतरी ‘श्श’ केलं. बाई आधी गोऱ्यामोऱ्या झाल्या, आणि मग त्यांना असं हसू फुटलं की हातातली पुस्तकं खाली ठेवावी लागली.

त्यांचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, त्यात काखेतल्या गाठी काढल्या होत्या. दाबाची बाही त्यांनाही मिळालेली होती, पण लोक विचारतात म्हणून आणि उकडतं म्हणून ती खणात पडून होती. काकूंनी त्यांना ना धीराचे शब्द ऐकवले, ना उपदेश केला. फवाऱ्याची बाटली, फ्रिजमधलं क्रीम, काकांचं लोणी आणि कढत पाण्यात मेलेला मोजा, एवढं सगळं सांगितलं आणि फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. सुजलेल्या हातावर जुनी बाही तशीच चढवायची नाही, आधी त्या मुलीला दाखवायचं, हे मात्र दोनदा सांगितलं.

बाई तिच्याकडे गेल्या. काही दिवस पट्ट्यांचे झाले, मग नव्या मापाची बाही आली, गडद निळी. सूज पुरती गेली नाही, पण हात हलका झाला, वरच्या फळीवरची पुस्तकं काढताना पुन्हा उजवा हात पुढे येऊ लागला. लाँड्रीत ब्लाउज येऊ लागले ते अर्ध्या बाह्यांचे. कुणी हाताबद्दल विचारलंच तर बाई सरळ सांगत, आणि विचारणारा काकूंच्या दुकानात उभा असेल तर उरलेलं काकू सांगत.

फायदा काकूंचाही झाला. दुपारी पाय वर घेऊन पडायचं, तर भट्टीसारख्या घरात कशाला? बाईंनी वाचनखोलीत खिडकीजवळची खुर्ची आणि पायाखाली घ्यायला स्टूल असं कायमचं देऊन टाकलं. काका शेजारी वर्तमानपत्र उघडून त्यामागे झोपतात. काकूंना कादंबऱ्यांचं वेड लागलंय. नायिकेने चूक केली की त्या तिला तिथल्या तिथे झापतात, आणि समोरच्या टेबलावरची माणसं आता ‘श्श’ करायच्या ऐवजी पुढे काय झालं ते विचारतात.