गाठोड्याला गुडघे नसतात

बांध फुटला तर काय करायचं, याचं शिक्षण आमच्या गल्लीत पोरांच्या शाळेपेक्षा जोरात चाललं होतं. येण्याची कारणं ज्याची त्याची वेगळी. न्हावी यायचा, कारण दुकान बंद असलेल्या दिवशी बायको त्याला घर आवरायला लावायची. गॅरेजवाला, ज्याला सगळे पान्हा म्हणत, यायचा तो नारिंगी जाकिटासाठी. त्या रंगात आपण तरणे दिसतो असं त्याला कुणीतरी, बहुधा आरशानं, सांगितलं होतं. बाकीचे चहासाठी.

खरं कारण असलेली एकच, शिवणकाम करणारी ताई. तिची आई, अख्ख्या गल्लीची काकू, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली. घर बोळाच्या पार टोकाला, नाल्याला चिकटून. ताई एकटीनं तिला कुशीवर वळवू शकायची, दाराबाहेर काढू शकत नव्हती. त्याला माणसं लागणार होती, आणि माणसं हवीत तर आधी त्यांच्यात मिसळायला हवं, एवढा हिशेब तिला कळत होता. कुणाच्या जाकिटाची शिवण उसवली की ती न मागता घालून द्यायची. पान्ह्याचं जाकीट तर तिनं पोटाशी दोनदा सैल केलं आणि त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

शिकवायला अग्निशमन दलातून निवृत्त झालेले साहेब होते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच आणि तोंडात एक शब्द, ‘समजा’. समजा पाणी शिरलंय. समजा वीज गेलीय. माणूस मोठा कळकळीचा, पण जे जमणार नाही ते झालं असं ‘समजून’ पुढे सरकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

स्ट्रेचरची पहिली तालीम ताईच्याच घरी ठरली. सगळे दाटीवाटीनं खाटेभोवती उभे राहिले.

“काकू, तयार ना?” साहेबांनी विचारलं.

“मेल्यावर चौघं उचलणारच आहेत. त्याची रंगीत तालीम आत्तापासून कशाला?” काकू म्हणाली. “आणि हा न्हावी पायाशी नको हं मला.”

“काकू, सगळं गाव माझ्या हातात मान देतं. तुम्ही पाय द्यायला घाबरता?”

“मानेचं काय, ती एकदा कापली की दुखायची थांबते. माझे गुडघे हलले की रात्रभर ठणकतात. निस्तरायला तू येणारेस?”

काकूचे गुडघे कायमचे वर आखडलेले होते. चादरीखाली दोन उशा उभ्या ठेवल्यासारखे दिसायचे. ताईनं आईकडे पाहिलं, मग जमलेल्या मंडळींकडे, आणि मशीनखालून चिंध्यांचं पोतं ओढलं.

“आजच्यापुरतं हे घ्या. आईएवढंच करून देते.”

करून दिलंही. चादरीत चिंध्या ठासून, दोऱ्यानं शिवून, टेप लावून. आईची उंची तिला जुन्या मापांतून पाठ होती, त्या मापाचं सरळसोट गाठोडं झालं. पान्ह्यानं तिच्याच खडूनं त्याला डोळे काढले.

“काकूपेक्षा स्वभावानं बरी आहे,” न्हावी म्हणाला. काकू सगळ्यांत जास्त हसली.

आजच्यापुरतं म्हटलेलं गाठोडं पुढे प्रत्येक तालमीला निघालं. अडचण होती ती वळणाची. दार ओलांडलं की समोर भिंत, आणि लगेच डावीकडे काटकोनात बोळ. स्ट्रेचर आडवं वळेना. पान्ह्यानं युक्ती काढली: पट्टे आवळायचे, स्ट्रेचर उभं करायचं, फिरवायचं, पुन्हा आडवं. गाठोड्याची काही तक्रार नव्हती. गल्लीगल्लींच्या स्पर्धेत आमचा पहिला नंबर आला, ढालीसोबत फोटो निघाला. एकदा न्हाव्यानं विचारलंही, “साहेब, सरळ पाठुंगळीला मारलं तर?”

“मणका जातो माणसाचा,” साहेब म्हणाले. “अडाण्यांचा प्रकार आहे तो.”

बांध फुटला तो भर दुपारी, सगळे जागे आणि शुद्धीत असताना. एक गोष्ट मंडळींच्या जमेला धरायलाच हवी: भोंगा वाजला आणि नेमलेले सगळे धावत आले. जाकिटं घालून आले. बोळात पाणी घोट्यापर्यंत होतं.

काकूला उचलून स्ट्रेचरवर ठेवलं. पट्टे आवळायला गेले, तर पट्टे गुडघ्यांवर तंबूसारखे ताणले. “सरळ करा हो जरा,” पान्हा म्हणाला. न्हाव्यानं हलकेच दाबलं, तशी ती अशी ओरडली की त्यानं हात मागे घेतले. तसंच बाहेर नेलं. वळणावर उभं केलं, तर ती पट्ट्यांतून खाली घसरली आणि गुडघे समोरच्या भिंतीला टेकले. ना पुढे, ना मागे. आडवं केलं, पुन्हा उभं केलं. हातांना जे येत होतं तेच हात करत राहिले. काहीही न शिकलेल्या माणसानं तिला पाठीवर घेऊन एव्हाना रस्ता गाठला असता. इथे प्रत्येकाला मणका आठवत होता.

पाणी मांड्यांना लागलं तेव्हा न्हावी ओरडला, “द्या माझ्या पाठीवर! जाऊ दे मणका!” पण तेवढ्यात बोळाच्या तोंडाची भिंत पडली आणि लोंढा समोरूनच आत घुसला. त्यांनी काकूला घरात घेतलं, कापड बेतायच्या टेबलावर ठेवलं. त्याहून उंच घरात काहीच नव्हतं.

ताई टेबल धरून उभी होती. काकूनं तिचा हात सोडवला.

“गाठोडं सोपं होतं, नाही गं?” ती म्हणाली. तिला टोचायचं नसावं. बोलण्याची रीतच तशी. मग पान्ह्याला म्हणाली, “हिला घेऊन जा रे. ही चालती आहे.”

पान्ह्यानं आणि न्हाव्यानं ताईला ओढत मागच्या खिडकीतून पत्र्यावर चढवलं. त्या खिडकीतून काकू निघाली नसती. पाणी ओसरल्यावर टेबल दाराशी आडवं सापडलं, आणि काकू त्याच्यापलीकडे.

पुढे तालमी पुन्हा सुरू झाल्या. साहेब थकलेले दिसत होते, पण वरून नवं स्ट्रेचर आलं होतं. गाठोडं वाहून गेलं होतं, त्यामुळे रुग्ण कोण, असा प्रश्न पडला. तेवढ्यात ताई आली. सगळ्यांनी माना खाली घातल्या. ती शिव्या देईल, असं वाटत होतं, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती स्ट्रेचरवर आडवी झाली, गुडघे पोटाशी घेतले आणि म्हणाली, “चला. आमच्या घरातून काढा मला.”

तिला तिथे नेलं. ओल्या, रिकाम्या खोलीतून उचललं आणि वळणावर आले. भिंतीवर पाण्याची रेघ डोक्याच्या वर होती. तिचे गुडघे भिंतीला टेकले.

“ताई, पाय जरा सरळ करा,” साहेब हळूच म्हणाले.

ती भिंतीकडे बघत राहिली. न्हाव्यानं एक बाजू उचलली, पान्ह्यानं दुसरी, पुन्हा खाली घेतली. पाठुंगळीला घेऊ का, असं न्हाव्याच्या ओठांवर आलं असावं. त्यानं ते गिळलं. आता कोणत्या तोंडानं म्हणणार?

साहेबांनी बराच वेळ वाट पाहिली. मग स्टॉपवॉच बंद केलं.

“ठीक आहे,” ते म्हणाले. “समजा, बाहेर काढलं.”

सगळे हळूहळू पुढच्या घराकडे निघाले. पान्हा आणि न्हावी तेवढे दांडे धरून उभे राहिले, कारण ताई उठत नव्हती, आणि तिला खाली कसं ठेवायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.