गावाची व्हॅन

"आज तू बोलणार की मी बोलू?" हॉरेसने विचारलं. मार्लाने नुकतंच सूपचं पातेलं शाळेच्या व्यायामशाळेतल्या टेबलावर आदळलं होतं.

"तू? माझ्या बाजूने? बरा आहेस ना रे?"

व्हरमाँटच्या या डोंगरी गावात मार्चमधल्या गावसभेला ही दोघं वर्षानुवर्षं एकमेकांच्या उरावर बसत आली होती. गोरगरिबांचं वॉशिंग्टनने बघावं, हे मार्ला थिबोचं म्हणणं. वॉशिंग्टनने सैन्य सांभाळावं आणि बाकीचं गावावर सोडावं, हे हॉरेस बटरिकचं. आता वॉशिंग्टनने खरंच सोडलं होतं. म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेणारी व्हॅन मार्ला चालवायची, त्या व्हॅनला वॉशिंग्टनकडून मिळणारा निधी बंद होणार होता. गावाने कर वाढवून ती चालवावी का, यावर आज मतदान होतं. ठराव पडला तर युनिस लाबाउंटीला डायलिसिसला नेणारं कुणीच उरणार नव्हतं.

मार्लाच्याच पक्षाची कार्यकर्ती टेस सकाळपासून तिच्या मागे लागली होती. "अहो, आपण भार उचलला की ते कायमचे हात झटकतील. लोकांना झळ बसू दे. मगच पुढच्या वेळी आपल्याला मतं देतील."

"आणि तोवर युनिसने काय करायचं? निवडणूक होईपर्यंत थांबा म्हणून मूत्रपिंडांना समजवायचं?"

टेसचं अगदीच चूक नव्हतं, हीच तर पंचाईत होती. पक्षाची पत्रकं दारोदार वाटून मार्लाच्या गुडघ्यांची वाट लागली होती, आणि शेवटी मागायचं काय, तर हॉरेसचंच म्हणणं! तिला रागही येईना. नुसता शीण आला होता, हाडांत मुरलेला. तरीही ती दारात उभी राहून येईल त्याला गाठत राहिली.

सभेत हॉरेस उठला. "जन्मभर ओरडलो, गावाचं गावाने बघावं. आता बघायची वेळ आली तर खिसा शिवून बसू? लाज वाटेल मला."

आवाजी मतदानात काही कळेना, तेव्हा सभापतींनी उभं राहायला सांगितलं. मार्ला उभी राहिली. शेजारी हॉरेस. टेस बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत बसली, मग तीही उठली.

ठराव तीन मतांनी पडला.

"मार्ला, तुझी माणसं कुठायत गं?" हॉरेसने हळूच विचारलं. "व्हॅनमधली. दरवर्षी पुढच्या रांगेत असतात ना?"

गावसभेत मत द्यायचं तर जातीने हजर राहावं लागतं, आणि दरवर्षी तीच त्यांना घेऊन यायची. यंदा लोकांची मनं वळवण्याच्या नादात त्यांना आणायचं डोक्यातूनच गेलं होतं.

"मेले रे मी," ती म्हणाली आणि व्हॅनची किल्ली घेऊन धावली.

युनिस आपल्या घराच्या दाराशी खुर्चीत बसली होती. अंगात कोट, डोक्यावर ठेवणीतली टोपी, ओठांना लाली.

"आलीस? म्हटलं, चिखलात अडकलीस की काय." ती काठी टेकत उठली. "कधी उभं राहायचं तेवढं सांग बाई, मला ऐकू येत नाही."

मार्लाने तिच्या हातातली काठी घेतली आणि तिला पुन्हा खुर्चीत बसवलं.