गाळलेली कडवी

सुपरवायझरबाईंना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण गल्लीत, बँकेत आणि वाचनालयात सगळे त्यांना अजून सुपरवायझरबाईच म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांच्या हाताखाली चाळीस मुली होत्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की स्विचबोर्डापुढे बसलेल्या मुलींच्या पाठी आपोआप ताठ होत. बाई मनाने वाईट नव्हत्या. कुणाचं मूल तापाने फणफणलं, तर तिला घरी धाडून स्वतः तिच्या खुर्चीवर बसत. पण कामातली चूक त्यांच्या घशाखाली उतरत नसे.

त्यांच्याकडे शाळेतलं एक पुस्तक होतं. नीतीच्या आणि भक्तीच्या इंग्रजी कवितांचा छोटा संग्रह. खिळ्यांच्या छपाईचा, पानाच्या मागून बोट फिरवलं तर अक्षरांचे फुगवटे लागायचे. त्यातली मुलं फार लवकर मरत आणि मरताना फार शहाण्यासारखं बोलत. प्रत्येक कवितेखाली तिरप्या अक्षरांत तात्पर्य छापलेलं होतं. बाईंना अख्खं पुस्तक तोंडपाठ होतं, पण जीव होता तो बावन्नाव्या पानावरच्या कवितेत. खडकाळ किनाऱ्यावर एक दिवेवाला असतो. मालक त्याच्या हाती दिव्याची किल्ली देतो. एका संध्याकाळी त्याचा डोळा लागतो, दिवा लागत नाही, होडी फुटते. शेवटच्या दोन ओळींचा अर्थ असा, की तुला एक घटका दिली होती, ती तू झोपून घालवलीस, आता ती देवही परत देणार नाही. बाई आयुष्यभर त्या ओळींवर चालल्या.

आणि त्याच ओळी त्यांनी एकदा आपल्या सख्ख्या बहिणीला ऐकवल्या होत्या.

धाकटी त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेले, तेव्हा बाईंनीच तिला वाढवलं, शिकवलं, एक्स्चेंजमध्ये चिकटवलं. तीस वर्षांपूर्वी एका दुपारी, कानाला हेडफोन आणि हातात प्लग, अशी बसल्या बसल्या धाकटी पेंगली. तेवढ्यात एका घरातून अँब्युलन्ससाठी कॉल आला. बोर्डावर छोटा लाल दिवा अकरा मिनिटं लुकलुकत राहिला. माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा गेला. रिपोर्ट बाईंनी स्वतः लिहिला. धाकटी रडत समोर उभी होती, आणि साऱ्या मुलींच्या देखत बाईंनी तिला त्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. इंग्रजीत, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीतही.

धाकटीची नोकरी गेली. भांडण झालं नाही. पण त्या दिवसापासून ती बहिणीला ‘अगं ताई’ऐवजी ‘अहो ताई’ म्हणू लागली. लग्नकार्यात भेटली की अदबीने विचारायची, “चहा घेणार का तुम्ही?” ते ‘तुम्ही’ बाईंना टोचायचं. पण त्या कधी बोलल्या नाहीत.

पुस्तकाची शिलाई सुटून पानं हातात यायला लागली, तेव्हा बाई ते घेऊन वाचनालयाच्या तळघरात गेल्या. तिथे एक म्हातारे बाइंडर बसत. बोटांना कायम खळ लागलेली म्हणून सगळे त्यांना खळकाका म्हणत. काकांनी पुस्तक उलटंपालटं केलं, ठेवून घेतलं आणि म्हणाले, “बुधवारी या.”

बुधवारी बाई गेल्या, तर टेबलावर त्यांच्या पुस्तकाशेजारी एक जाडजूड ग्रंथ उघडा पडला होता. पानांच्या कडांना सोनेरी मुलामा, तोही बहुतेक उडालेला.

“बाई, तुमची कविता आखूड आहे,” काका म्हणाले.

“म्हणजे?”

“मला इंग्रजी यथातथाच येतं. पण पानं लावायची म्हणजे ओळींवर नजर ठेवावी लागते. हा ग्रंथ गेल्याच महिन्यात शिवला, तुमच्या पुस्तकाच्या कितीतरी आधीचा आहे. मथळा तोच दिसला म्हणून ओळी मोजल्या. तुमच्याकडे चार कडवी आहेत. इथे सात.”

बाई हसल्या. “काहीतरी घोटाळा असेल. ही कविता मला साठ वर्षं पाठ आहे.”

“असेल की,” काका म्हणाले आणि त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

बाईंनी चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. चार कडवी अक्षर न अक्षर तीच. मग पाचवं. दिवेवाला सकाळी मालकाच्या दारात जातो आणि किल्ली उंबऱ्यावर ठेवतो. सहाव्यात मालक ती उचलतो आणि पुन्हा त्याच्या हातात देतो. सातव्यात म्हणतो, आजही संध्याकाळ होणार आहे, आजही होड्या निघाल्या आहेत. अंधार म्हणजे काय हे तुझ्याइतकं आता कोणाला ठाऊक आहे? जा, दिवा लाव.

बाईंनी ते तीनदा वाचलं. मग आपलं पुस्तक उघडून प्रस्तावना काढली. ती त्यांनी उभ्या जन्मात वाचली नव्हती. बारीक टायपात लिहिलं होतं, की विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी काही कविता संक्षिप्त केल्या आहेत.

“सोयीसाठी,” बाई मोठ्याने म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. काकांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि शहाणपणाने खळ ढवळायला पाठ फिरवली.

तीन कडवी वहीच्या कागदावर उतरवून बाई थेट धाकटीच्या शिवणाच्या क्लासमध्ये गेल्या. तीस वर्षांत त्या तिथे न बोलावता कधी गेल्या नव्हत्या. धाकटी तोंडात टाचण्या धरून एका मुलीला बाही लावायला शिकवत होती. तिने टाचण्या काढल्या.

“अहो ताई, तुम्ही? कळवायचंत तरी.”

“मुलींना जरा सोड. मला तुला काहीतरी वाचून दाखवायचंय.”

मुली गेल्या. बाईंनी उभ्यानेच कागद वाचला, अर्थ सांगितला, पुस्तकात काय झालं होतं तेही सांगितलं. धाकटी कापडाचे तुकडे गोळा करत ऐकत होती.

“म्हणजे कुणीतरी तीन कडवी गाळली,” ती म्हणाली, “म्हणून तू मला तसं बोललीस, असं म्हणायचंय तुला?”

बाईंनी हातातल्या कागदाची घडी घातली.

“त्या कवितेच्या डोक्यावर खापर फोडू नकोस, ताई. ती पुस्तकात गप पडलेली असते. बोललीस तू.”

“हो,” बाई म्हणाल्या. “मीच बोलले. रिपोर्ट लिहायलाच हवा होता, तो मी आजही लिहीन. पण त्या ओळी तुला ऐकवायला नको होत्या. आणि दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे यायला हवं होतं. कविता अपुरी असली म्हणून काय झालं, एवढं मला माझं कळायला हवं होतं. माझं चुकलं गं.”

धाकटीने हातातले तुकडे बाजूला ठेवले. मग तिने कपाट उघडलं आणि एक शर्ट काढला. साधा, आकाशी रंगाचा. पुढे बटणं दिसत होती, पण ती नुसती शोभेची. आतली चिकटपट्टी ओढली की शर्ट उघडायचा.

“नोकरी गेली, त्यानंतर महिन्याने मी त्या माणसाच्या घरी गेले होते,” ती म्हणाली. “त्याच्या बायकोने आत घेतलं. तो म्हणाला, राग बिग काही नाही, पण एका हाताने बटणं लागत नाहीत, तेवढा वैताग येतो. मला शिवण कुठे येत होतं? शिकले. असा पहिला शर्ट केला, तो वाकडा झाला, तरी त्याने घातला. मग दर वर्षी दोन. गेल्या वर्षी तो गेला, हा तेवढा राहिला. आता दवाखान्यातून माणसं येतात. कुणाचा हात नाही, कुणाची बोटं. मुलींना मी हेच शिकवते.”

बाईंनी शर्ट हातात घेतला. शिलाई इतकी बारीक होती, की टाके मोजायला चष्मा पुन्हा पुसावा लागला. आपण वाढवलेल्या या मुलीबद्दल आपल्याला काडीचीही माहिती नाही, हे त्यांना कळलं. लाज वाटली, पण लाजेहून मोठं काहीतरी छातीत भरून आलं. कुणाचे आभार मानावे ते सुचेना. त्या माणसाचे, त्याच्या बायकोचे, की पहिला वाकडा शर्ट फेकून न देणाऱ्या या पोरीचे?

“मला का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुठे?” धाकटी म्हणाली. मग तिनेच खुर्ची ओढली. “बस आता. आणि ते परत वाच, सावकाश. तुझं इंग्रजी फार पळतं.”

बाईंनी वाचलं. धाकटीने मध्ये दोनदा अडवून शब्दांचे अर्थ विचारले. सातव्या कडव्यापाशी ती म्हणाली, “हा मालक बरा माणूस दिसतो,” आणि पदराने डोळे पुसून चहा ठेवायला उठली.

पुढच्या बुधवारी दोघी मिळून तळघरात गेल्या. काकांनी पुस्तकाला करडं कापड चढवलं होतं. बावन्नाव्या पानापुढे एक कोरा कागद शिवून ठेवला होता.

“लिहा त्यावर,” ते म्हणाले. “अक्षर मात्र नेटकं असू द्या.”

“काका, तुमचे उपकार कसे फेडू?” बाईंनी विचारलं. एक्स्चेंजमधल्या मुलींनी हा आवाज ऐकला असता तर ओळखला नसता.

“मी फक्त ओळी मोजल्या,” काका म्हणाले. त्यांना संकोच वाटत असावा, कारण ते लगेच दुसऱ्या पुस्तकाची पाठ खरवडायला लागले.

बाईंनी पेन धाकटीच्या हातात दिलं, आणि ती तीन कडवी तिने लिहिली. बाई तिच्या शेजारी बसून एकेक शब्द सांगत होत्या.