भीतीला इंग्रजीत काय म्हणतात

“व्हॉट इज फिअर, सिस्टर?” मोहनरावांनी विचारलं.

सिंधुबाईच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात पिवळ्या औषधात भिजवलेला बोळा. मोहनरावांच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडला होता आणि त्या काळ्याची कड कालच्यापेक्षा पुढे सरकली होती. ती कड बघावी की उत्तर शोधावं, हे तिला ठरवता येईना.

“फिअर इज अ थिंग...”

“थिंग नव्हे. थिंग म्हणजे हे तपेलं. भीती माणसाच्या आत नेमकी कुठं असते, ते सांगा. इंग्रजीत सांगा.”

मोहनरावांच्या बायको, छबूबाई, दाराशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून दोघांकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

बारामतीत कुणाला सांगितलं असतं तर हे खरं वाटलं नसतं. दवाखान्यातली नर्स घरी पट्टी बांधायला येते आणि रोगी तिला इंग्रजीत विचारतो, मन म्हणजे काय, सुख कशात आहे, हल्लीचा माणूस एवढा एकटा का. पण मोहनराव तसेच होते. कालव्यावर ओव्हरसिअर म्हणून त्यांची हयात गेली. गोरे साहेब देश सोडून गेले, तेव्हा त्यांच्या बंगल्यातल्या खुर्च्या, आरसे आणि कंदिलांवर लोकांच्या उड्या पडल्या. ह्या गृहस्थांनी कुणालाच नको असलेली पेटीभर पुस्तकं उचलली. सगळी मानसशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची. वाचून वाचून डोकं भरलं, पण कालव्यावर त्यातलं बोलायला कुणी नव्हतं आणि घरी बोलायची त्यांना सवयच नव्हती. मग पेन्शन आली, मधुमेह आला, पायाला जखम झाली आणि आयती सिंधुबाई सापडली.

सिंधुबाईचीही गरज काही लहान नव्हती. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती इंदापूर सोडून निघाली होती, ती अजून कुठं टेकलीच नव्हती. बारामतीतली खोली तिला खायला उठायची. पुण्याला वरचं शिक्षण घ्यायचं आणि ह्या सगळ्यातून बाहेर पडायचं, एवढाच ध्यास होता. गेल्या वर्षी मुलाखतीला गेली, तेव्हा एका डॉक्टरांनी साधंच विचारलं, तुम्हाला हे काम का करायचं आहे? उत्तर पोटात होतं, पण इंग्रजीत नव्हतं. ती नुसती उभी राहिली आणि तशीच परत आली. यंदाची मुलाखत तोंडावर आली होती. काम संपलं की ती कालव्याच्या कडेनं झपझप चालत सुटायची आणि एकटीच इंग्रजीत बडबडायची. तिकडच्या गुराख्यांनी नर्सबाईला बाहेरची बाधा झाल्याची बातमी केव्हाच पसरवली होती.

“धिस इज अ कॅट शिकवायला मी मास्तर नाही,” तिनं इंग्रजी शिकवा म्हटल्यावर मोहनरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “माणसाला सांगायचं काही असलं की भाषा आपोआप येते.”

सांगायचं असलेलं त्यांच्याकडंच जास्त निघालं. आधी पुस्तकातलं बोलायचे. न बोललेली गोष्ट माणसाला आतून आजारी पाडते, हे त्यांचं आवडतं मत. मग हळूहळू ते स्वतःवर आले. एका संध्याकाळी पट्टी सोडताना इंग्रजीतच म्हणाले, “डोळे मिटले की पाय नसलेला मी मला दिसतो. फार भीती वाटते, सिस्टर. हे मी कुणाला बोललो नाही.”

अख्खं बोलणं न अडखळता समजलं, म्हणून सिंधुबाईला आधी आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली.

तेवढ्यात छबूबाईंनी आत डोकावून विचारलं, “दुखतंय का?”

“न्हाय,” मोहनराव म्हणाले. “ठीक हाय.”

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं. पाय पुण्याला नेऊन कापायला हवा, नाहीतर माणूस हातचा जाईल. म्हातारा माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल, तुम्ही गळ घाला. सिंधुबाई हो म्हणाली, पण मोहनरावांपाशी तिनं तो विषय काढला नाही. मोहनराव पुण्याला गेले की तिचं इंग्रजीही गेलं. दोन-चार दिवसांनी काय बिघडतं, असं तिनं मनाला बजावलं आणि मन ह्या विषयावर त्यांच्याशी तासभर बोलली. काळी कड चढतच होती. पट्टी वरपर्यंत गुंडाळली की ती दिसत नसे.

फिअरचा प्रश्न निघाला त्या दिवशी पट्टी झाल्यावर ती अंगणात हात धुवायला आली, तर छबूबाई तांब्या घेऊन उभ्याच होत्या.

“काय म्हणत्यात ते तुला?”

“पुस्तकातलं बोलतात, मावशी.”

“पुस्तकातलं बोलताना माणसाचा आवाज असा कापतो व्हय?”

सिंधुबाईनं मान खाली घातली. “सांगू का तुम्हाला?”

“नगं. तुझ्या तोंडून तर नगंच.” छबूबाई तिच्या हातांवर सावकाश पाणी ओतत होत्या. “भ्यात्यात ते, मला कळतंय. सुपं झालं, इंदापूर झालं, जितं बदली तितं मी बिऱ्हाड बांधून मागं. कधी हात उगारला न्हाय, कधी शिवी न्हाय. पर कधी बोलणं बी न्हाय. काय बी इचारा, ठीक हाय. मराठीत ते कायम ठीकच असत्यात.”

तांब्या रिकामा झाला. त्यांनी तो कमरेवर घेतला.

“भीती वाटती का, ह्ये इंग्रजीत कसं इचारायचं? तेवढं शिकीव मला.”

सिंधुबाईला सगळं लख्ख दिसलं. मोहनराव बायकोपाशी बोलले, की ही बाई त्यांना दुसऱ्याच दिवशी पुण्याला नेणार. मुलाखत झाल्यावर शिकवते, असं अगदी ओठांवर आलं होतं. समोर छबूबाई शाळेतल्या पोरीसारख्या तोंडाकडं बघत उभ्या होत्या. सिंधुबाईला स्वतःचा संताप आला.

“आर यू अफ्रेड,” ती म्हणाली. “म्हणा माझ्यामागं.”

छबूबाईंची जीभ शेवटच्या शब्दावर घसरायची. त्यांनी भाकरी थापताना म्हणून पाहिलं, म्हशीची धार काढताना म्हणून पाहिलं. म्हैस दोनदा मागं वळून बघती, असं त्यांनीच दुसऱ्या दिवशी अंगणात हसत सांगितलं.

सिंधुबाई आत गेली, पट्टी सोडली, गरम पाण्याचं तपेलं जवळ ओढलं. छबूबाई आत आल्या. दाराशी न बसता त्या थेट खाटेपाशी आल्या. पदराचं टोक मुठीत धरलेलं होतं.

“आर यू अफ्रेड?”

मोहनराव हसतील आणि सगळं फसेल, अशी सिंधुबाईला धास्ती वाटली. ते हसले नाहीत. बायकोकडं बघत राहिले.

“पुन्हा म्हण,” ते मराठीत म्हणाले.

“आर यू अफ्रेड?”

“येस,” मोहनराव म्हणाले आणि इंग्रजीतच बोलू लागले. पाय गेला की तूच मला उचलशील, तूच धुशील. जन्मभर तुझ्याशी धड बोललो नाही, तर आता कोणत्या तोंडानं तुझ्याकडून करून घेऊ? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं वाटतं. आणि मरायचीही भीती वाटते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

मग ते थांबले. “कळलं का तुला?”

“न्हाय,” छबूबाई म्हणाल्या. “पर बोला तुमी. मी ऐकतीया.”

त्या खाटेवर टेकल्या आणि त्यांनी तो उघडा पाय अलगद मांडीवर घेतला. मोहनराव पुन्हा बोलू लागले. सिंधुबाई चिमटा हातात धरून भिंतीशी उभी होती. तिला शब्दन् शब्द कळत होता आणि त्यातला एकही तिच्यासाठी नव्हता. तिला रडू आलं. कुणासाठी, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

बऱ्याच वेळानं मोहनरावांनी मराठीत विचारलं, “पुण्याला तू येशील?”

“मग एकटं जाणार व्हय?”

सिंधुबाईनं जखम धुतली, पट्टी बांधली, सामान पिशवीत भरलं. आज तिला कुणी काही विचारलं नाही. पुण्याला दौंडवरून जायचं, तेव्हा उद्या सकाळच्या दौंडच्या गाडीत रोग्याला आडवं झोपवायला जागा मिळेल का, हे विचारायला ती स्टेशनाकडं निघाली.