फॉर्मची मागची बाजू

"दोनशे बारा 'हो' आणि एक कोरा! मॅडम, हा कोरा माझा जीव घेणार आहे," साहेब म्हणाले आणि तो फॉर्म त्यांनी माझ्या टेबलावर आपटला.

साहेब माझ्या थोरल्या मुलाच्या वयाचे. त्यांचा जीव दिवसातून चारदा जायला निघतो, त्यामुळे मी आधी चहा संपवला.

बालकल्याण खात्यात मी एकोणतीस वर्षं कारकून आहे. जगभरच्या देशांनी मिळून मुलांच्या हक्कांचा एक करार केलाय, त्यावर आमच्या सरकारचीही सही आहे. सही करणारे करून गेले, निस्तरायचं आम्ही. त्या करारावर नजर ठेवणाऱ्या परदेशी समितीला ठरावीक वर्षांनी अहवाल पाठवावा लागतो. त्यात एक प्रश्न असतो: मुलाला एका बालगृहातून दुसरीकडे हलवण्याआधी त्याचं म्हणणं ऐकलं का? आम्ही छातीठोकपणे लिहितो, हो. तो 'हो' माझ्या ड्रॉवरमधून निघतो.

खरं तेच सांगते. पूर्वी फॉर्मवर मुलाच्या शब्दांसाठी चार ओळी असायच्या. कुणाचं अक्षर लागायचं नाही, कुणी दोन पानं जास्तीची जोडायचं, टाईप करता करता माझ्या नाकी नऊ यायचे. अठरा वर्षांपूर्वी मीच सुचवलं, की ओळी काढून टाका, एक चौकट ठेवा आणि रबरी शिक्का करून घ्या: 'मुलाचे म्हणणे ऐकले. होय.' वरच्यांना ते इतकं आवडलं, की जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्के गेले. तेव्हापासून ऑफिसात मला शिक्काबाई म्हणतात. मला त्याचं कौतुक वाटायचं, हेही सांगून टाकते.

कोरा फॉर्म आमच्याच इमारतीमागच्या मुलींच्या बालगृहातला निघाला. शिक्का पर्समध्ये टाकून मी गेले.

"मी नाही मारला," तिथल्या अधीक्षिका म्हणाल्या. "पोरगी म्हणते, मला कुणी विचारलंच नाही, तर ऐकलं असं कसं लिहिता? आता कुठल्या तोंडानं बोलू तिच्याशी? शिक्का तुमचा, तुम्हीच बघा बाई."

पोरीला बारा पूर्ण झाली होती. या बालगृहात बारापर्यंतच ठेवतात, पुढे दुसऱ्या गावातल्या मोठ्या मुलींच्या बालगृहात पाठवतात. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी ठरलेली. तिला चिकटून सात वर्षांची धाकटी बहीण उभी होती, थोरलीच्या फ्रॉकचं टोक मुठीत धरून.

"बोल," मी म्हटलं. "लिहून घेते."

"सगळं?"

"सगळं."

"मला तिकडे जायचंच नाही असं नाही," ती म्हणाली. "पण मावशी, हिचा कान फुटलाय. संध्याकाळी थेंब घालावे लागतात. ही दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. चावते."

अधीक्षिकांनी मनगट पुढे करून दाखवलं.

"कान बरा होईपर्यंत मला इथेच राहू द्या. वेगळी खाट नको, मी हिच्याच खाटेवर झोपते. नाहीतर हिला माझ्याबरोबर पाठवा."

चौकटीत यातला एक शब्द धड मावेना. मी फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. अकरा ओळी झाल्या. तिने त्या वाचून घेतल्या आणि 'चावते' तेवढं खोडायला लावलं. "उगाच हिला नावं ठेवतील," म्हणाली.

साहेबांनी अकराच्या अकरा ओळी वाचल्या. हे मी त्यांच्या बाजूने सांगते.

"छान! म्हणजे ऐकलंत ना? मारा शिक्का."

"अहो, ती नको म्हणतेय!"

"ती नको म्हणाली, हे तुम्ही ऐकलंत की नाही?"

"ऐकलं."

"मग झालं की. हो."

"आणि पोरीचं काय?"

"बारा पूर्ण झाली, नियम आहे. समिती काय विचारते? ऐकलं का. ऐकून काय केलंत, असा रकाना आहे का फॉर्मवर?"

नव्हता. कुठून असणार? तो फॉर्म माझ्याच हातचा. असा संताप आला, की समोरचं टेबल उलथून टाकावं, पण टेबलाने काय घोडं मारलं होतं?

"निदान ही मागची बाजू अहवालाला जोडा."

"स्कॅनर एकच बाजू घेतो, मॅडम."

"मग मी शिक्का मारणार नाही."

मी पर्स काखेत घट्ट धरली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं आणि चौकटीत 'हो' लिहिलं. शिक्का नसला तरी चालतं, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. चार वाजता अहवाल गेला. शंभर टक्के.

पोरीला सांगायला मीच गेले, दुसरं कोण जाणार?

"वाचलं त्यांनी?" तिने विचारलं.

"वाचलं गं."

"मग?"

"उद्याची गाडी आहेच."

तिने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. ती आत गेली आणि थेंबांची बाटली घेऊन आली. "आधी मुठीत धरून ठेवायची. गार थेंब घातले तर ही किंचाळते. कोमट झाली की तीन थेंब, आणि तोवर काही बोलायचं नाही. समजवायला गेलं की जास्तच चिडते."

"बरं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी गेली. ऑफिस सुटल्यावर मी मागे बालगृहात गेले. धाकटी खाटेच्या अगदी कडेला निजली होती, थोरलीची जागा मोकळी सोडून. माझ्या हातात बाटली दिसल्याबरोबर तिने दुखरा कान तळहाताने झाकून घेतला.

"ताई घालेल," ती म्हणाली.

मी काही बोलले नाही. खाटेजवळ फरशीवर बसले आणि बाटली मुठीत धरून ठेवली.