भिंतीवरचा हात

आमची धाकटी एका जन्मात तीन जन्मांची कामं उरकायला निघालेली. चित्रं काढायची, नाचायचं, वर प्रबंधही लिहायचा. "एक काय ते धड कर," म्हणून मी तिचं किती डोकं खाल्लं असेल! तिचं उत्तर ठरलेलं, "ताई, ते एकच आहे गं."

त्या 'एका'चा निकाल आज लागणार होता. विद्यापीठातल्या गारठलेल्या खोलीत तिची खुली तोंडी परीक्षा होती. समोर दोन परीक्षक, बाजूला तिच्या मार्गदर्शक बाई आणि मागच्या रांगेत मी, पदवी मलाच मिळणार असल्यासारखी नटून.

विषय असा. एका पडक्या सभागृहाच्या भिंतीवर नाचणाऱ्या बायकांची जुनी चित्रं होती. धाकटीने विशीत ती कागदावर उतरवून घेतली, त्यांवरून पुढे नाच बसवला आणि तो नाच किती जुना आहे हे आता प्रबंधात सिद्ध केलं. मधल्या काळात भिंत कोसळली. उरले ते हिचे कागद.

"तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा हा," मोठे परीक्षक म्हणाले आणि पडद्यावर एक हात आला. "ही बाहेर वळलेली करंगळी. हाताची अशी ठेवण दुसरीकडे कुठेच नाही. अख्खं चौथं प्रकरण हिच्यावर उभं आहे."

ती करंगळी माझी होती, डाव्या हाताची. लहानपणी कपाटाच्या दारात सापडली, ती कायमची वाकडी झाली. भिंतीवर त्या जागचा गिलावा गळून गेला होता. चित्र अर्धवट दिसतं म्हणून धाकटीने मला स्टुलावर बसवून हात धरायला लावलं होतं. खांदा अवघडला म्हणून मी खेकसलेही होते. चित्रकार म्हणून तिने भर घातली, अभ्यासक म्हणून त्या भरीलाच पुरावा मानलं. पार विसरून गेली होती. खोटेपणा तिच्या अंगातच नाही.

"करून दाखवता?"

तिने उठून हात उचलला. करंगळी अलगद बाहेर वळवली.

"हा भाग भिंतीवर शाबूत होता ना?" दुसऱ्या परीक्षकांनी विचारलं.

"हो."

खरं काय ते आता जगात मला एकटीला ठाऊक होतं. मी तोंडाला कुलूप लावायचं ठरवलं. खड्ड्यात गेली ती भिंत. माझी बहीण पास झाली पाहिजे. वर सावधगिरी म्हणून डावा हात पर्सखाली सरकवला.

तिथेच घात झाला. धाकटीने ते पाहिलं. मग पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी मान हलवून खुणावलं, नको, गप्प बस.

"सर, मी आत्ता चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "तिथे गिलावाच नव्हता. हा हात माझ्या बहिणीचा आहे."

मार्गदर्शक बाईंनी कपाळाला हात लावला. मोठ्या परीक्षकांनी प्रबंध मिटला.

"म्हणजे चौथं प्रकरण गेलं. पदवीही आज नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"हो."

"मग इतकी वर्षं रंगमंचावर जी ठेवण दाखवताय, ती आली कुठून?"

या प्रश्नाला आजवर तिचं एकच उत्तर असे, भिंतीवरून. कुणी तोंडभरून कौतुक केलं तरी ती भिंतीलाच पुढे करायची. मला त्याचा फार राग यायचा. आता ती टेबलाची कड धरून उभी राहिली.

"मी केली," ती म्हणाली. नजर खाली गेली नाही. "ती माझी आहे."

करंगळी माझी असूनही मी हूं की चूं केलं नाही.