बंद करण्याआधी

“काम मधेच बिनसलं तरी यंत्राशी जोडलेलं सेशन बंद झालंच पाहिजे. लोक नेमके तिथेच विसरतात,” नोकरीच्या पहिल्या दिवशी ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी बजावलं तेव्हा तिने नुसती मान हलवली होती. डोळे फोनवर, पाळणाघराच्या निरोपात: बाळाने दूध अर्धंच घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, हॉस्पिटलच्या यंत्रांची खबरबात घेणारा तिचा प्रोग्रॅम अडला. एखादं यंत्र गप्प राहिलं की तो अर्ध्यातूनच परत फिरे. बंद करण्याच्या ओळीपर्यंत पोचतच नसे. सेशन तसंच उघडं, जागा अडवून. अशी चारशे साचली होती. कुठल्या वॉर्डात काही बिघडलं असतं, तरी आता पडद्यावर उमटलं नसतं.

“सगळी एकदम मारून टाकू?” तिने विचारलं.

“आणि सुक्याबरोबर ओलंही जळू दे?” बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

“सर म्हणतायत, पाच मिनिटांत उरका.”

“सरांना म्हणावं, चहा घ्या.”

मटार सोलावेत तशी बाईंची बोटं चालू लागली. पण प्रत्येक सेशनला आधी विचारायचं, पलीकडे कुणी आहे का? उत्तर नाही, मगच बंद. जागा सुटत गेली, पडद्यावरच्या ओळी एकेक करून जाग्या झाल्या. ती बघतच राहिली. एवढ्या घाईत एवढी सबुरी तिने कुणात पाहिली नव्हती.

एका सेशनपाशी बाई थांबल्या.

“हे मेलेलंच आहे हो,” ती म्हणाली. “केव्हाचं गप्प आहे.”

बाईंनी हात मांडीवर ठेवले. चाळीस सेकंद गेले. मग एक आकडा आला. नवजात बाळांच्या खोलीचं तापमान; उतरत चाललेलं.

तिने वॉर्डात फोन लावला.

“हीटर बंद पडलाय होय!” पलीकडून नर्स म्हणाली. “मला वाटलं, मलाच कणकण आलीय. थांबा, बाळांना हलवते आधी.”

बाळं हलवल्याचा फोन येईपर्यंत बाई जागच्या उठल्या नाहीत. मग खुर्ची तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, “हं, आता हे तू बंद कर.”

बाई निवृत्त झाल्या, त्याला वर्ष होईल. एकट्याच असतात. ती रोज चारला फोन करते. आज तो दोनदा वाजून वाजून थांबला, आणि बाळ तापाने फणफणलंय, तिला घराबाहेर पडता येत नाही. तुम्ही त्यांच्या जिन्यात राहत असाल, तर तेवढी बेल वाजवाल? दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो.